बागेची किल्ली कुणाकडे?

वडिलांच्या आजारपणात एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये आम्ही सात आठवडे काढले. तळमजल्यावर, लॅबच्या मागच्या अंगाला, तिथे एक देखणी बाग होती. कातरलेली हिरवळ, गुलाबांची रांग, मधोमध कारंजं. आणि दाराला कुलूप. रिपोर्टची वाट बघणारी माणसं जिन्याच्या पायऱ्यांवर अंग चोरून बसलेली असायची, आणि काचेपलीकडे तेवढी मोठी जागा रिकामी. एकदा दारावरच्या माणसाला विचारलं, तर तो अगदी सहज म्हणाला, "पाहुणे आले की उघडतो."

तेव्हा राग आला होता. पुढे त्या रागाचा एक प्रश्न झाला आणि तो मला अनेकदा उपयोगी पडला. एखाद्या रुग्णालयाने सामुदायिक बाग सुरू केल्याचं कुणी कौतुकाने सांगू लागलं, की वाफे किती, भाजी किती किलो निघाली, हे मी विचारत नाही. किल्ली कुणाकडे असते, एवढंच विचारते.

अशा बागा आता बऱ्याच ठिकाणी निघाल्या आहेत. रुग्णालयाच्या आवारात किंवा गच्चीवर वाफे करायचे, आणि तिथे रुग्णांनी, बरे होऊन घरी गेलेल्यांनी, नातेवाइकांनी, नर्सनी, रस्त्यापलीकडच्या रहिवाशांनी मिळून भाज्या, फुलं, औषधी झाडं लावायची. मी या कल्पनेच्या बाजूची आहे. मात्र माहितीपत्रकांत तिची जी कारणं छापलेली असतात ती मला पटत नाहीत. 'ताजी भाजी खा, निरोगी राहा' हे त्यातलं सर्वांत लंगडं कारण. भाजी हा त्या बागेचा जोडधंदा आहे. मुख्य पीक वेगळंच असतं.

आधी पुराव्याबद्दल बोलू, कारण इथे उत्साहाच्या भरात बरीच भेसळ होते. रुग्णालयातल्या हिरवाईचा विषय निघाला की रॉजर उलरिक यांच्या अभ्यासाचा दाखला ठरलेला. तो १९८४ साली 'सायन्स' या नियतकालिकात आला. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात १९७२ ते १९८१ या काळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. २३ जणांच्या खिडकीतून झाडं दिसत होती आणि त्यांच्याशी जुळणाऱ्या दुसऱ्या २३ जणांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. अभ्यास महत्त्वाचा आहे, रुग्णालयांच्या रचनेचा विचार त्याने बदलला. पण त्या ४६ जणांपैकी कुणीही हातात खुरपं घेतलेलं नव्हतं. तो अभ्यास खिडकीचा आहे. त्याच्या आधारावर भाजीच्या वाफ्यांचं समर्थन करणं म्हणजे लग्नातला फोटो दाखवून संसार सुखाचा होईल अशी हमी देणं.

दुसरा लाडका दाखला मातीतल्या जिवाणूचा. माती हाताळली की त्यातल्या एका सूक्ष्मजीवामुळे मन प्रसन्न होतं, असं छातीठोकपणे सांगितलं जातं. त्यामागचे मेंदूविषयीचे प्रयोग मुख्यतः उंदरांवरचे आहेत. उंदरांना आनंद झाला असेल तर चांगलंच आहे, पण तेवढ्यावर माणसांच्या औषधयोजना बेतू नयेत.

खुरपं हातात घेतलेल्या माणसांवरचा नेटका प्रयोग अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरातला आहे. तिथल्या सामुदायिक बागांसाठी नाव नोंदवलेल्या २९१ प्रौढांतून सोडत काढून काहींना लगेच वाफा दिला, उरलेल्यांना पुढच्या हंगामापर्यंत थांबायला सांगितलं. निष्कर्ष २०२३ साली 'लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ'मध्ये प्रसिद्ध झाले. वाफा मिळालेल्यांच्या आहारात तंतुमय पदार्थ दिवसाला सुमारे १.४ ग्रॅमने वाढले. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान २५ ग्रॅम खा म्हणते. त्या मानाने ही वाढ चिमूटभरच. वजनात दखल घेण्याजोगा फरक पडला नाही. ताण आणि चिंता मात्र कमी झाली.

हे आकडे मला आवडतात, कारण ते बढाई मारत नाहीत. बाग मधुमेह पळवत नाही आणि रक्तदाबाच्या गोळ्या सोडवत नाही. मग ती कशाला हवी?

माणूस दीर्घकाळ आजारी पडला की त्याच्या आयुष्यातली एक गोष्ट कुणाच्या लक्षात न येता नाहीशी होते: त्याची कुणाला गरज असणं. सगळे त्याची काळजी घेतात, त्याच्यासाठी डबा आणतात, त्याचं पाणी मोजतात. हे सगळं प्रेमानेच चालतं. पण महिनोन् महिने फक्त घेत राहणं हे काय असतं, ते त्या खाटेवर पडल्याशिवाय कळत नाही. वडील एकदा म्हणाले होते, "सगळे मला विचारतात कसं वाटतंय. कामाचं कुणीच काही विचारत नाही." बागेत हा प्रश्न उलटा होतो. तिथे मंगळवारी पाणी घालायची पाळी तुमची असेल आणि तुम्ही गेला नाहीत, तर रोपं माना टाकतात आणि बुधवारवाला येऊन विचारतो, काल कुठे होतात? या विचारण्यात सहानुभूती नसते, तक्रार असते. माझ्या मते, बागेचं औषध असलंच तर ते या तक्रारीत आहे.

हे केवळ भावनिक बोलणं नाही. २०१० साली ज्युलियन होल्ट-लन्स्टॅड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १४८ अभ्यास एकत्र करून तपासले. त्यांत तीन लाखांहून अधिक माणसं होती. ज्यांचे सामाजिक संबंध बळकट, त्यांची त्या त्या अभ्यासाच्या काळात जगण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी जास्त निघाली. हे निरीक्षणांवर आधारलेलं आहे, त्यामुळे नात्यांनी आयुष्य वाढलं की धडधाकट माणसांचीच नाती टिकली, हा गुंता पूर्ण सुटत नाही. तरी एकटेपणा ही आरोग्याची बाब नाही असं म्हणायला आता जागा उरलेली नाही.

यावर एक रास्त आक्षेप येतो. माणसं जोडायची तर नगरपालिकेचं उद्यान आहे, वाचनालय आहे, क्लब आहेत. रुग्णालयाने रोग बरे करावेत, माळीकाम का करावं?

कारण त्या माणसांपर्यंत दुसरं कुणी पोचलेलंच नसतं. डायलिसिसवरचा माणूस आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी चारेक तास रुग्णालयात असतो. इतक्या नेमाने तो कुठल्याही क्लबात जात नाही. त्याला घेऊन येणारी बायको किंवा मुलगा ते चार तास बाकावर मोबाइलकडे बघत काढतात. शिवाय रुग्णालयाचं रुग्णाशी असलेलं नातं डिस्चार्जच्या दिवशी तटकन तुटतं. कागदावर तीन ओळी लिहिलेल्या असतात: चाला, भाज्या खा, ताण घेऊ नका. त्या तीन ओळी नेमक्या कुठे पाळायच्या, हे त्या कागदावर नसतं. आणि रस्त्यापलीकडच्या वस्तीला रुग्णालय म्हणजे काय? सायरन, पार्किंगची भांडणं, आणि एक दिवस आपल्यालाही आत नेतील ही भीती. धडधाकट असताना त्या फाटकातून आत जायला काही निमित्तच नसतं. बाग ते निमित्त देते. १९८६च्या ओटावा जाहीरनाम्यात, आरोग्य माणसांच्या रोजच्या जगण्याच्या जागी घडतं आणि आरोग्यसेवांनी नुसत्या उपचारांपलीकडे जावं, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत मान्य झालं. चाळीस वर्षांत त्याची अंमलबजावणी मुख्यत्वे भित्तिपत्रकांवर झाली.

इथवर पुष्कळ जण माझ्याबरोबर येतील. पुढच्या मुद्द्यावर थोडी चुळबुळ होईल.

रुग्णालय आणि शेती यांचं नातं नवं नाही आणि ते निरागसही नाही. अमेरिकी वैद्य बेंजामिन रश यांनी १८१२ सालीच लिहून ठेवलं की मनोरुग्णालयात जे लाकडं फोडतात, बागेत खणतात, धुणं धुतात ते बरेचदा बरे होतात, आणि ज्यांच्या प्रतिष्ठेला असलं काम शोभत नाही ते खितपत पडतात. बागकामातून उपचार या शाखेची वंशावळ सांगताना हे वाक्य हटकून येतं. त्यानंतरची शंभर-दीडशे वर्षं मात्र वंशावळीतून गाळली जातात. अनेक देशांतल्या मनोरुग्णालयांना स्वतःची शेतं होती, गोठे होते, आणि त्यांत राबायचे ते रुग्ण. काम उपचार म्हणून करून घेतलं जाई, त्यामुळे मजुरीचा प्रश्न येत नसे. संस्थेचं स्वयंपाकघर त्या मालावर चाले. चांगलं काम करणाऱ्या रुग्णाला लवकर घरी पाठवण्यात संस्थेचाच तोटा होता, हे वेगळं सांगायला नको. अमेरिकेत १९७३ साली सौडर विरुद्ध ब्रेनन या खटल्यात न्यायालयाने निकाल दिला की संस्थेच्या उपयोगाचं काम करणाऱ्या रुग्णांनाही किमान वेतनाचा कायदा लागू होतो. तिथे तरी फुकटच्या मजुरीचा हिशेब तेव्हा मांडला गेला.

म्हणून किल्लीचा प्रश्न. काम तेच, माती तीच, माणूसही तोच. ते उपचार आहे की वेठबिगारी, हे ठरतं पीक कुणाचं आणि निर्णय कुणाचा यावर. आजच्या बागांत कुणी वेठीला धरत नाही, हे खरं. तरी सौम्य रूपात तीच गोष्ट घडते: वाफे रुग्णालयाच्या जनसंपर्क विभागाने आखलेले, रोपं त्यांनी ठरवलेली, रुग्णांना फोटोच्या दिवशी झारी हातात दिलेली. काम संपलं की झारी परत.

याच्या उलट कसं करता येतं, त्याचं मला सर्वांत बोलकं वाटणारं उदाहरण बागेचं नाहीच. दक्षिण लंडनमधल्या पेकहॅम भागात स्कॉट विल्यमसन आणि इन्स पिअर्स या दोन डॉक्टरांनी १९२६ साली एक आरोग्यकेंद्र सुरू केलं. १९३५ साली ते प्रशस्त नव्या इमारतीत गेलं. तिथे पोहण्याचा तलाव होता, जिम्नॅशियम होतं, उपाहारगृह होतं. आसपासची कुटुंबं आठवड्याला थोडी वर्गणी भरून सभासद होत, ठरावीक काळाने त्यांची तपासणी होई, बाकी वेळ त्यांनी तिथे हवं ते करावं. सुरुवातीला चालकांनी कार्यक्रम आखून दिले, ते फसले. मग त्यांनी आखणं सोडून दिलं आणि साधनं खुली ठेवली. काही काळ गोंधळ माजला. पुढे लोकांनी आपापलं काय काय उभं केलं. केंद्राने बाहेर एक शेतही घेतलं होतं, ताज्या अन्नासाठी. १९५० साली ते केंद्र बंद पडलं. धडधाकट माणसांसाठी, एका वस्तीपुरती, वर्गणीवर चालणारी ही गोष्ट नव्या राष्ट्रीय आरोग्यसेवेच्या कुठल्याच रकान्यात बसेना. शेवट चटका लावणारा आहे, पण डॉक्टरांनी हात मागे घेतल्यावर माणसं पुढे आली, हा त्यांचा अनुभव कुठल्याही बागेला लागू पडतो.

विचारणं हीदेखील किल्ली देण्याचीच पहिली पायरी. इंग्लंडमध्ये सॉल्झबरी इथल्या मणक्याच्या दुखापतींच्या केंद्रात होरेशिओ चॅपल हा शाळकरी मुलगा स्वयंसेवक म्हणून जात असे. इथल्या रुग्णांना काय हवंय, हे त्याने प्रश्नावली करून त्यांनाच विचारलं. उत्तर आलं: बाहेर जाता येईल अशी जागा. तो २०११ साली, वयाच्या १७व्या वर्षी, एका दुर्घटनेत गेला. त्याच्या नावाची बाग तिथे २०१२ साली उघडली आणि नंतर ब्रिटनमधल्या इतर मणका-केंद्रांतही तशा बागा झाल्या. खाटेसकट बाहेर येता यावं असे तिथले रस्ते आहेत. तज्ज्ञांच्या समितीला ही खाटेची गोष्ट सुचली असती की नाही, मला शंका आहे.

तपशिलातच घोडं अडतं, म्हणून थोडं तपशिलांकडे. वाफा जमिनीलगत केला की चाकाच्या खुर्चीतला माणूस, गुडघे गेलेली आजी आणि पोटावर टाके असलेला माणूस एका फटक्यात बाद. वाफे टेबलाच्या उंचीला हवेत, काही खालून मोकळे, म्हणजे खुर्ची आत सरकते. शहरातली माती आधी तपासून घ्यावी. जुना रंग, जुन्या इमारतींचा राडारोडा, जुन्या पेट्रोलचा धूर यांनी त्यात शिसं साठलेलं असू शकतं. तसं निघालं तर बाहेरची माती भरून उंच वाफे करणं हाच सरळ मार्ग. माती आणि कंपोस्टमध्ये लिजिओनेला लाँगबीची नावाचा जिवाणू असू शकतो आणि त्याने न्यूमोनिया होतो. १९८०च्या दशकाच्या अखेरीस दक्षिण ऑस्ट्रेलियात अशा साथीचा माग कुंड्यांच्या मातीपर्यंत जाऊन पोचला होता. तेव्हा मातीची पिशवी उघड्यावर फोडायची, मास्क लावायचा, माती ओली करून घ्यायची, नंतर हात धुवायचे. किमोथेरपी चालू असलेल्याने किंवा अवयव-प्रत्यारोपण झालेल्याने मातीत हात घालण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावं. बुरशीचे सूक्ष्म कण त्याच्या फुफ्फुसांना झेपतीलच असं नाही. त्याला बी-बियाण्यांची वही सांभाळायला द्या, पाळ्या लावायला द्या. बागेत हिशेबनीसही लागतोच.

आणि हो, 'हिरवी भाजी सगळ्यांना चांगली' हे वाक्य रुग्णालयाच्या बागेत जपून वापरावं. रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून वॉरफेरिन हे औषध घेणाऱ्याने पालेभाज्या सोडायच्या नसतात, पण आज अजिबात नाही आणि उद्या परडीभर असं केलं तर व्हिटॅमिन के वरखाली होऊन रक्ताचं गणित बिघडतं. मूत्रपिंडं कमजोर असलेल्या अनेकांना टोमॅटो, पालक, बटाटा यांतलं पोटॅशियम मोजून खावं लागतं. अशा वेळी आहारतज्ज्ञ कचेरीतल्या टेबलामागे बसण्यापेक्षा वाफ्याशेजारी उभा असेल, तर दोन मिनिटांत जे कळतं ते छापील तक्त्याने कळत नाही. बाग रुग्णालयाचीच का असावी, याला हे आणखी एक उत्तर.

आता खर्च. "एवढ्या जागेत दहा खाटा बसल्या असत्या" हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. ज्या रुग्णालयात वॉर्डाला पाणी नाही, रात्री नर्स पुऱ्या पडत नाहीत, तिथे बागेचं नावही काढू नये. पण बऱ्याच ठिकाणी बागेची स्पर्धा खाटेशी नसते. ती शोभेच्या हिरवळीशी असते, जिला पाणी आणि माळी आधीच मिळतो आहे. खरी अडचण पुढची. वाफे, फाटक, फलक यांना देणगीदार मिळतो. तिसऱ्या वर्षीचा पगार द्यायला कुणी मिळत नाही. स्वयंसेवकांच्या बळावर बाग चालते हे अर्धसत्य आहे. भर उन्हाळ्यात, सुट्ट्यांत, दोन मुख्य माणसं आजारी पडल्यावर बाग टिकवायला एक पगारी माणूस लागतो, ज्याला माती कळते आणि माणसंही कळतात. तो खर्च देणगीच्या खात्यावर टाकला की नव्याचे नऊ दिवस संपताच बाग संपते. तो फिजिओथेरपिस्टच्या पगाराशेजारी, नेहमीच्या अंदाजपत्रकात असायला हवा. तेवढी तयारी नसेल तर बाक टाका, चार सावलीची झाडं लावा आणि दार उघडं ठेवा. तेही कमी नाही.

याहून बोचरा आक्षेप असा: गरिबाला भाजी परवडत नाही, तेव्हा त्याला खुरपं देणं ही चलाखी आहे. आहे खरी, जर खुरप्यावरच थांबलं तर. दोन पावलांच्या वाफ्यावर कुटुंबाचं पोट भरत नाही. बॉस्टन मेडिकल सेंटरने इथे क्रम नीट लावला. २००१ साली त्यांनी रुग्णालयातच अन्नभांडार सुरू केलं. ज्याच्या घरी अन्नाची चणचण आहे त्याला डॉक्टर चिठ्ठी लिहून देतात आणि तो तिथून धान्य, भाजी, फळं घेऊन जातो. गच्चीवरची शेती आली ती २०१७ साली. तिथला माल या भांडारात जातो, रुग्णांच्या जेवणात जातो, स्वयंपाक शिकवणाऱ्या ओट्यावर जातो. आधी अन्न, मग बाग. सोळा वर्षांचं ते अंतर मला फार बोलकं वाटतं.

मग यश मोजायचं कसं? किलोत मोजू नये. पहिल्या हंगामातली किती माणसं तिसऱ्या हंगामात दिसतात, हे बघावं. रुग्ण म्हणून आलेलं कुणी आता नव्या माणसाला रोप लावायला शिकवतंय का, हे बघावं. रुग्णालयाशी काडीचा संबंध नसलेली माणसं किती येतात, हे बघावं. बागेत कुणाला काय आजार आहे हे कुणी विचारायचं नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून हवा. आणि डॉक्टर आले तर त्यांनी कोट बाहेरच उतरवून, पाळीप्रमाणे पाणी घालून जावं. पिकाची वाटणी कशी करायची, ते पेरणीआधी बागकऱ्यांनीच ठरवावं. रुग्णालयाने पाणी, पगार आणि विमा द्यावा आणि समितीत एकच मत ठेवावं.

आणि कुलूप. रात्रपाळी संपवून निघालेल्या नर्सला पहाटे अर्धा तास तिथे बसता यावं आणि संध्याकाळच्या डायलिसिसवाल्याच्या मुलाला उशिरापर्यंत थांबता यावं, अशा वेळा हव्यात. कुलूप लावायचंच तर आकड्यांचं लावा आणि आकडा सगळ्या बागकऱ्यांना सांगा. व्यवस्थापन लगेच म्हणेल, मग तो सगळ्या गावाला कळेल. कळू द्या. पहिल्याच हंगामात तक्रार येईल की रात्री कुणीतरी शिरून पिकलेले टोमॅटो तोडून नेले. चौकशी बसवू नका, कॅमेराही लावू नका. बागेच्या वहीत 'वाटप' असा एक रकाना असतो, तिथे तारीख घालून लिहा: टोमॅटो, अंदाजे दीड किलो.